भिंतीवरची रेघ कोणाची?

श्रोतेहो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कुठल्याही रस्त्याने निघा, चिखलीकडे जा की मोताळ्याकडे जा, एखाद्या गावात तरी शाळेची किंवा ग्रामपंचायतीची रंगवलेली भिंत दिसतेच. तिच्यावर पुष्कळदा एकच चित्र असते. लाल-तपकिरी जमीन, तिच्यावर पांढऱ्या रेघांची माणसे, त्रिकोणाच्या टोकावर त्रिकोण ठेवावा तशी त्यांची अंगे. मधोमध एकजण भोपळ्याचे लांब वाद्य फुंकतो आहे आणि बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती नाचताहेत. चित्र छान असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, की बुवा, हे वाद्य कोणते? त्याला सांगता यायचे नाही. ते वाद्य तारपा. ते वाजते डहाणू-जव्हारकडच्या वारली पाड्यांवर, पार समुद्राच्या अंगाला. आपल्याकडे ना तारपा, ना तो नाच. मग ते आपल्या भिंतीवर आले कसे? आणि ज्यांचे ते आहे, त्यांच्या भिंतीवरून ते निघाले कसे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले, की एक निराळाच इतिहास हाती लागतो. त्यात लढाया नाहीत, तह नाहीत. कागद आहे, गेरू आहे, बांबू आहे. शहरातला चित्रकार आहे आणि गावातली बाई आहे. दोघांमध्ये रेघ कोणी ओढायची, हा त्यातला खरा तंटा आहे.

सुरुवात आपल्या शेजारापासूनच करू. बुलढाण्याचा घाट ज्या डोंगररांगेत आहे, त्याच अजिंठ्याच्या रांगेत ती लेणी आहेत. १८१९ साली एका इंग्रज शिकारी तुकडीला ती दिसली आणि जगाला कळली. जवळपासच्या लोकांना ती आधीच ठाऊक असणार, पण त्यांना कोण विचारतो! पुढे १८४४ साली रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला ह्या चित्रांच्या नकला करायला पाठवले. त्याने त्यात वर्षानुवर्षे घालवली. त्या नकला लंडनला गेल्या, आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा बहुतेक सगळ्या जळाल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले देशी विद्यार्थी घेऊन हिवाळ्याहिवाळ्याला येत गेले. त्यांच्या नकलांपैकीही पुष्कळशा १८८५ साली लंडनलाच आगीत गेल्या. दोनदा केले, दोनदा जळाले. मी हे विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा ते हसतात. पण त्यातली एक गोष्ट हसण्यासारखी नाही. चाळीस वर्षे लोक आले, नकला करून गेले, आणि आसपासच्या एखाद्या गावात कोणाच्या हाताला त्यामुळे नवी रेघ आली, असे काही इतिहासात सापडत नाही. चित्र इथले, आणि ते घेऊन जाणारा बाहेरचा. गावाने फार तर ओझी वाहिली असतील.

तिसऱ्या खेपेला मात्र एक निराळा माणूस आला. १९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज बाई नकला करायला आल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून काही तरुण चित्रकार आले होते. त्यांत सत्तावीस वर्षांचे नंदलाल बोस होते. अजिंठ्याने त्यांच्यावर जी छाप टाकली, ती जन्मभर राहिली. आणि ह्याच मुलुखाच्या शेजारी, सत्तावीस वर्षांनी, ते पुन्हा आले. ह्या खेपेला नक्कल करायची नव्हती.

ती गोष्ट फैजपूरची. मलकापूरच्या पलीकडे खानदेश लागतो. तापी ओलांडली, की यावल तालुक्यात फैजपूर आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन तिथे भरले. तोपर्यंत अधिवेशने भरायची ती मोठ्या शहरांत. खेड्यात भरलेले हे पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी अशी मंडळी खपत होती. साने गुरुजी खानदेशाच्या गावोगावी हिंडले होते. अमळनेरच्या शाळेतली मास्तरकी त्यांनी १९३० सालीच सोडली होती, पण मास्तरांचा पाय गावात कसा फिरतो, ते त्यांच्याकडून शिकावे.

गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळ सेगावला राहायला आलेले होते. त्यांचा आग्रह असा, की खेड्यातले अधिवेशन खेड्यासारखेच दिसले पाहिजे. शहरातून तंबू-कनाती आणायच्या, विजेच्या माळा लावायच्या आणि त्याला ग्रामीण अधिवेशन म्हणायचे, हे त्यांना नको होते. त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलालबाबूंना बोलावले. नंदबाबू संकोचले. मी चित्रकार, मला इमारती बांधता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींनी ते काही मनावर घेतले नाही. म्हात्रे नावाचे वास्तुकार जोडीला दिले, आणि मोठे शहर वसवावे तशी 'टिळकनगर' नावाची वसाहत फैजपूरच्या शेतांत उभी राहू लागली.

कशाची? बांबूची, चटयांची, गवताची, दोरांची. जे त्या भागात मिळते त्याची. आणि ती उभारायची गावच्या हातांनी. जो माणूस रोज कूड विणतो, छप्पर शाकारतो, बैलगाडीचे चाक बसवतो, त्यालाच हाताशी धरायचे. नंदबाबूंनी काय केले? त्यांनी प्रमाण पाहिले. कमान किती उंच असावी, चटईची वीण कुठे उघडी ठेवावी, दोराची गाठ झाकावी की दिसू द्यावी, असल्या गोष्टी. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला मांडव घालता येतो. त्या मांडवात देखणेपण आधीच असते, ते फक्त कोणी तरी ओळखावे लागते. अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती बैलांच्या रथातून. रथ म्हणजे सजवलेली बैलगाडी. मोटार नव्हे! प्रदर्शनाचे उद्घाटन करताना गांधीजींनी इथल्या मांडणीचे श्रेय म्हात्रे आणि नंदबाबू ह्यांना नाव घेऊन दिले.

नाव घेऊन, हे खरे. पण इथेच माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा होतो. बांबू चिरणाऱ्याचे नाव कुठे आहे? ज्या बुरुडाने ती वीण घातली, त्याचे? नोंदीत दोन नावे उरली आणि बाकीचे 'गावकरी' झाले. ह्यात गांधीजींचा दोष काढण्याचे कारण नाही, त्या काळी असे नाव लिहून ठेवण्याची रीतच नव्हती. पण फैजपूर हे गावाने आणि कलावंताने मिळून केलेल्या आरेखनाचे आपल्या शेजारचे पहिले मोठे उदाहरण मानले, तर त्याची ही उणीवही सांगितली पाहिजे.

पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये तापीच्याच काठी, गुजरातेत, हरिपुऱ्याला अधिवेशन भरले. त्यासाठी नंदबाबूंनी ऐंशीच्या वर चित्रे स्वतः रंगवली आणि शिष्यांकडून त्यांच्या प्रती करून घेतल्या. ढोलकी वाजवणारा, सूत कातणारी बाई, कुंभार, कुस्तीगीर, बैल धरणारा गडी. हातकागदावर, मातीच्या रंगांनी. येणाऱ्याजाणाऱ्या शेतकऱ्याला चालता चालता दिसावीत म्हणून ती बाहेरच लावली होती. फार सुंदर चित्रे ती. तरी मला फैजपूर अधिक महत्त्वाचे वाटते. हरिपुऱ्याला गाव चित्रात आला, फैजपूरला चित्र गावाने उभे केले.

आता तिसरी तऱ्हा. तिच्यासाठी जरा बिहारमध्ये जावे लागेल. १९३४ च्या जानेवारीत तिथे मोठा भूकंप झाला. घरे कोसळली. आर्चर नावाचे इंग्रज अधिकारी पडझड पाहत फिरत होते, तेव्हा पडलेल्या भिंतींच्या आतल्या बाजूंवर त्यांना चित्रे दिसली. मिथिलेतल्या बाया लग्नघरात काढीत ती. भिंत पडली म्हणून परक्याला दिसली, एरवी दिसती ना. आर्चर ह्यांनी १९४९ साली मुंबईच्या 'मार्ग' त्रैमासिकात त्यांवर लिहिले. नंतर पुष्कळ वर्षे काही झाले नाही. मग १९६६-६७ चा बिहारचा दुष्काळ आला. हस्तकलेच्या सरकारी कामात असलेल्या पुपुल जयकर ह्यांनी भास्कर कुलकर्णी ह्या मुंबईच्या चित्रकाराला मधुबनीकडे धाडले. बरोबर काय दिले? कागद. भिंतीवर काढता तेच ह्यावर काढा, आम्ही ते विकून पैसे देतो, अशी योजना. दुष्काळात दगड फोडण्याची कामे निघतात, तसे हे चित्रांचे काम निघाले. जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी ह्या बाया त्यातूनच देशाला ठाऊक झाल्या, त्यांना पद्मश्री मिळाली.

हेच कुलकर्णी पुढे १९७० नंतरच्या वर्षांत आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर पोचले. तो भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. त्यांची रीत मला फार विचार करण्याजोगी वाटते. ते वारल्यांना चित्रकला शिकवायला गेले नव्हते. पाड्यावर राहायचे, बघायचे, कागद द्यायचा. चित्रकाराला गप्प बसणे किती जड जात असेल, हे चित्रकारच जाणे.

तिथे काय होते? कारवीच्या काड्यांचा कूड, शेणमातीने सारवलेला, वर गेरूचा हात. लग्न निघाले, की सवासिनी बाया त्या भिंतीवर चौक लिहितात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूची काडी चावून तिची कुंची करायची. चौकोनाच्या आत पालघट देवी, भोवती नक्षी, झाडे, जनावरे. शेजारी लहान चौकात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे ते चित्र शोभेचे नव्हते, विधीचा भाग होते. सण झाला, की भिंत पुन्हा सारवायची. चित्र जपून ठेवायचे, ही कल्पनाच नव्हती.

कागद आला तेव्हा बाया लाजल्या, मागे राहिल्या. पुढे आला एक पुरुष. गंजाड गावच्या कळंबीपाड्याचा जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा पुष्कळ दिवस बोलेनासा झाला होता, धुळीत चित्रे काढायचा, असे त्याच्याबद्दल सांगतात. त्याने लग्नचौकाची चौकट सोडली आणि शेत, मासेमारीचे जाळे, मुंग्या, नाच, आगगाडी, जे दिसेल ते कागदावर मांडले. १९७५ साली मुंबईला त्याच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रे होती. २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात तो वारला. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे नागपूरच्या संत्र्याला आहे तसे कायद्याचे संरक्षण.

पैसा आला, मान आला, पाड्यावरच्या कितीतरी घरांत चूल पेटली. हे लहान काम नव्हे. पण जमेच्या बाजूसमोर खर्चही लिहिला पाहिजे. जी रेघ सवासिनीच्या हातात होती, ती बाजारात गेल्याबरोबर बहुतेक पुरुषांच्या हातात गेली. ज्या आजींनी चौक लिहिले, त्यांच्यापैकी किती जणींची नावे आपल्याला माहीत आहेत? दुसरे असे, की एकदा ती रेघ सगळ्यांना आवडली, तशी ती कोणीही काढू लागला. कपबशीवर आली, साडीवर आली, उपाहारगृहाच्या भिंतीवर आली. आणि तालुक्याच्या गावचा पेंटर मोबाईलवर चित्र बघून ती आपल्या शाळेवर काढून गेला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याला 'गावाकडचे चित्र' काढायला सांगितले होते, त्याने काढले.

आता मंडळी, आपल्या घरात या.

आपल्या जिल्ह्यात स्वतःची रेघ नाही काय? पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, बेगड, पाठीवर गेरूचे ठसे. तो ठसा कोणी हाताचा उमटवतो, कोणी वाटीचा गोल काढतो, कोणी बटाटा कापून त्याचा शिक्का करतो. झुलीवरचे भरतकाम पाहा. भाद्रपदी पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. मातीचे भुलोबा-भुलाबाई आणि वर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर. पाच धांडे कसे बांधले म्हणजे कणसे बरोबर देवीच्या डोक्यावर येतात, हे सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. लोणार-मेहकरकडच्या तांड्यांवर बंजारा बाया आरसे आणि कवड्या लावून जे कशिदे भरतात, त्यात तर अख्खी भूमिती आहे. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्यतृतीयेला घट मांडतात. त्या भाकितावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, माझा स्वतःचा नाही. पण शेतात अठरा धान्यांचे रिंगण आणि मधोमध घट, ही मांडणी डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. सातपुड्यातल्या कोरकू-भिलाला वस्त्यांकडे तर आपल्यातल्या शिकलेल्यांचा पायच वळत नाही.

हे सगळे टिकेल असे समजू नका. सारवलेली भिंत चालली आहे. घरकुल झाले, सिमेंट आले, आणि ते चांगलेच झाले. पावसात गळणाऱ्या कुडाचे गोडवे गाणारा माणूस बहुधा पक्क्या घरात राहतो. पण सिमेंटवर शेण धरत नाही आणि सारवणाबरोबर बोटांची नक्षीही जाते. ट्रॅक्टर आला, तसे बैल घटले. दावणीला बैलच नाही तिथे ठसा कोणाच्या पाठीवर उमटवायचा? जिवतीचे चित्र आधीच छापील कागदाचे झाले आहे. म्हणून गुरुजी आणि बाई, तुमच्याशी दोन गोष्टी बोलायच्या आहेत, कारण हल्ली शाळेच्या भिंती रंगवायला पैसा येतो तो तुमच्याच हातून खर्च होतो.

पेंटर बोलावण्याआधी आठ दिवस गावातल्या चार म्हाताऱ्या बाया शाळेत बोलवा. एका आळीच्या नको, सगळ्या आळ्यांच्या. बौद्धवाड्यातल्या, तांड्यावरच्या, मुसलमान मोहल्ल्यातल्यासुद्धा. तिकडे मेंदीची जी नक्षी हातावर निघते, ती भिंतीवर का निघू नये? त्यांना चित्र काढा म्हणून सांगू नका. 'आम्हाला काय येतं बाप्पा' असे म्हणून उठून जातील. दिवाळीला अंगणात काय काढता, झुलीवर काय भरता, एवढेच विचारा आणि समोर गेरू, चुना, निळीची पुडी आणि बांबूच्या काड्या ठेवा. त्यांच्या शेजारी मुलांना बसवा. पहिला तास कोणी काही करणार नाही, नुसत्या गप्पा होतील. तो तास वाया गेला असे समजू नका. मग एखादी उठेल आणि दुसरीला म्हणेल, तुझा ठिपका चुकला. तिथून काम सुरू होते.

मग कुलकर्ण्यांनी केले ते करा. गप्प बसा. बैलाचे पाय आखूड झाले, मोर कोंबड्यासारखा दिसला, तरी सुधारायला जाऊ नका. चित्रकलेच्या शिक्षकांना हे फार कठीण जाईल, त्यांची मी आधीच माफी मागतो. भिंतीवर काय जावे आणि किती मोठे जावे हे ठरवताना तुमचे ज्ञान लागेल. नंदबाबूंनी फैजपूरला ते केले, कमानीची उंची पाहिली. हिंगोलीकडची किंवा अकोल्याकडची शाळा काय करते ते बघून त्याचीच नक्कल मागवू नका. आणि पेंटर येईल तेव्हा त्याने बाईंची रेघ मोठी करून द्यावी, त्याचे पैसे त्याने घ्यावेत, तसे बाईंनाही द्यावेत. रोजगार हमीवर दिवसाचा दाम मिळतो, मग भिंतीवर का मिळू नये? फुकटात घेतलेल्या रेघेला गाव लवकर विसरतो.

चित्राखाली नाव घाला. आतापर्यंत आपल्या भिंतींवर सौजन्याचे नाव येते, सरपंचांचे येते, देणगीदाराचे येते. काढणारीचे नाव तेवढ्याच अक्षरांत येऊ द्या, आणि कुठल्या आळीची, कोणाकडून शिकली, तेही एका ओळीत लिहा. शाळेत एक वही ठेवा, तिच्यात प्रत्येक नक्षीचे छोटे चित्र आणि तिला त्या घरात काय म्हणतात ते नाव मुलांकडून लिहून घ्या. पन्नास वर्षांनी एखादा इतिहासाचा विद्यार्थी गावात येईल, तेव्हा त्याला फैजपूरच्या बुरुडासारखे शोधत बसावे लागणार नाही.

एक व्यवहाराची सूचना. पोळा श्रावणी अमावस्येला येतो, तेव्हा पाऊस असतो. ओल्या भिंतीवर गेरू धरत नाही, फुगून पापुद्रे निघतात. म्हणून त्या दिवसांत बाहेरची भिंत सोडून व्हरांड्याची आतली बाजू घ्यावी, आणि गेरूत थोडा बाभळीचा डिंक भिजवून घालावा.